वसुधा एसटीत चढली का?

आमच्या घरातून वसुधा नावाची कोणतीही बाई हरवलेली नाही. आमच्या घरात त्या नावाची बाई कधी नव्हतीच. गेल्या महिन्यात कराडच्या तीन चौकांत जो फ्लेक्स लागला होता, त्यावरचं चित्र मी काढलेलं होतं, हे मात्र खरं आहे. ते चित्र माझ्या बायकोसारखं दिसत होतं, हेही मी आता नाकारत नाही. पण मी अडतीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली आहे, आणि एखाद्या माणसाच्या हाताला एका चेहऱ्याची सवय लागली तर तो काही गुन्हा होत नाही. हवालदारसाहेबांनाही मी हेच सांगितलं होतं.

सुरुवात मोतीबिंदूपासून झाली. माझ्या सासूबाई लीलाबाई, वय वर्षे ऐंशी, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कडेगावहून आमच्याकडे आल्या. ऑपरेशन चांगलं झालं. इतकं चांगलं झालं, की चौथ्या दिवशी त्यांना आमच्या छताच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली, आणि पाचव्या दिवशी टीव्ही.

हा टीव्ही आमच्या मुलीने, साक्षीने, पुण्याहून पाठवलेला आहे. तो भिंतीएवढा आहे, त्यात नेट आहे आणि त्याच्या रिमोटला माणसाचं बोललेलं कळतं असं म्हणतात. सासूबाईंनी दोन दिवस हल्लीच्या मालिका पाहिल्या आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला.

"ह्या बाया दिसभर जिन्यावरनं वरखाली करत्यात. ह्यांची जनावरं कोण बघतं?"

"मामी, त्यांच्याकडे जनावरं नसतात," मी म्हणालो.

"मग येवढं कशानं दमत्यात?"

मग त्यांनी आपणहून वसुधाची गोष्ट काढली. छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वी कडेगावात त्यांच्या आळीत एकच टीव्ही होता आणि आठवड्यातून एकदा त्यावर एक मालिका लागायची. वसुधा नावाची सून. सासू खाष्ट, दीर दारुडा, नवरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. शेवटून दुसऱ्या भागात सासू तिला घराबाहेर काढते, आणि ती हिरवं लुगडं नेसून, पत्र्याची पेटी घेऊन एसटी स्टँडवर येऊन उभी राहते. गाडी लागते. इथे तो भाग संपला. पुढच्या आठवड्यात शेवटचा भाग होता. सासूबाईंनी त्या दिवशी म्हशीची धार लवकर काढली, पुढची जागा धरली, आणि लाईट गेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

"चढली का वो ती गाडीत?" सासूबाईंनी मला विचारलं. "का माघारी गेली?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नवरा म्हणून माणूस गप्प बसायला लवकर शिकतो, जावई म्हणून शिकत नाही. मी म्हणालो, "त्यात काय मामी, हल्ली सगळं नेटवर असतं. संध्याकाळपर्यंत दाखवतो."

क्रांती, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून नुसती डोकावली. तिचं ते डोकावणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पहिली अडचण अशी, की मालिकेचं नाव सासूबाईंना माहीत नव्हतं. धार काढून जाईपर्यंत सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपलेल्या असायच्या. मी म्हटलं, नाव नसलं तरी चालेल, रिमोटला गोष्ट सांगू. सासूबाईंनी रिमोट दोन्ही हातांत धरला, पदर सारखा केला आणि अतिशय अदबीने म्हणाल्या, "बाई, ती वसुधाची मालिका लाव. सासू लय वंगाळ हुती, दीर दारू प्यायचा, आन् ती पेटी घिऊन यष्टीला निघाली हुती."

टीव्हीने जरा विचार केला आणि घरच्या घरी दारू सोडवण्याचे सात उपाय दाखवले. मग मी शुद्ध भाषेत, एकेक शब्द सुटा करून तेच सांगितलं. टीव्हीने मला पत्र्याच्या पेटीला रंग कसा द्यावा हे दाखवलं. तो रंग चुकीचा दिला जात होता, हे मला दिसत होतं, पण ते असो.

मग मी जुन्या मालिका दाखवणाऱ्या दोन ॲपांचा सभासद झालो. सभासद होताना जो आकडा येतो तो पुण्याला साक्षीच्या फोनवर जायचा. ती मीटिंगमध्ये असायची. ती मीटिंगमधून बाहेर येऊन आकडा सांगेपर्यंत तो आकडा शिळा व्हायचा. असं करत दीड दिवसाने मी आत शिरलो, तर आत वसुधा नव्हती. एका ॲपात जुन्या म्हणजे मागच्या वर्षीच्या मालिका होत्या. दुसऱ्यात होत्या सगळ्या, पण आमची तेवढी नव्हती.

एव्हाना बातमी बिल्डिंगभर गेली होती आणि शेवटचा भाग पाहिलेली माणसं घरी येऊ लागली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना पक्कं आठवत होतं, की वसुधा पुढे नर्स होते आणि त्याच सासूला सलाईन लावते. समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नर्स नव्हे, ती कंडक्टरशी लग्न करते. तळमजल्यावरच्या काकांनी तिला कोयनेच्या भूकंपात मारली होती. तिघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही कुठं हुता? तिघेही कराडातच होते. मग असं निघालं, की त्या संध्याकाळी कराडातसुद्धा लाईट नव्हती. तिघांनीही चहा संपवला आणि कामं आठवून उठले.

शेजारचे सुभेदार लालासाहेब मात्र प्रामाणिक निघाले. ते तेव्हा जबलपूरला होते आणि त्यांनी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं.

"मास्तर, फेसबुकवर टाका. जुन्या मालिकांचे चाहते असतात. कुणीतरी सांगेल."

मी लिहायला बसलो. मला लिहायची हौस आहे. मी ते दूरदर्शनचे दिवस, गच्चीवरचा अँटेना, मुंग्या दिसणारा पडदा, एका टीव्हीभोवती जमलेली आळी, असं सगळं तीन पानं लिहिलं आणि शेवटी मालिकेबद्दल विचारलं. सुभेदारांनी ते वाचलं. ते सैन्यात सिग्नल्समध्ये होते. तीस वर्षं त्यांनी संदेश पाठवले आहेत.

"एवढं लंबंचौडं कोण वाचणार? मेसेज छोटा पाहिजे. काम की बात."

त्यांनी पेन्सिल घेतली. माझे दूरदर्शनचे दिवस पहिल्याच फटक्यात गेले. मग आळी गेली, अँटेना गेला. 'मालिका' हा शब्दही गेला, कारण चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायचं तर मालिका म्हणून सांगायची गरज काय. छत्तीस वर्षं गेली, कारण तारीख नक्की नव्हती. जे उरलं ते असं होतं:

'वसुधा. वय अंदाजे तीस. रंग सावळा. हिरवे लुगडे, पत्र्याची पेटी. दिराने छळले, सासूने घराबाहेर काढले. एसटी स्टँडवर शेवटची दिसली. पुढे काय झाले समजत नाही. सासूबाई अद्याप वाट पाहत आहेत. माहिती असल्यास त्वरित कळवावे.'

खाली माझं नाव आणि नंबर. "चेहरा पण द्या," सुभेदार म्हणाले, "वळखायला बरं पडतं." म्हणून सासूबाईंनी वर्णन केलं आणि मी चित्र काढलं. चित्र उत्तम झालं. क्रांती तेव्हा मंडईत गेली होती, नाहीतर वेळीच लक्षात आलं असतं. साम्य सासूबाईंच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्या डोळ्यात तेव्हा थेंब घातलेले होते.

चाहत्यांच्या ग्रुपवर सकाळी टाकलेला तो मजकूर दुपारपर्यंत चाहत्यांच्या हातून निसटला होता. पहिला फोन सांगलीहून आला. एका गृहस्थांना तशी बाई सकाळी तिथल्या स्टँडवर दिसली होती, पण पेटी निळी होती. दुसरा विट्याहून, तिसरा पुन्हा सांगलीहून. मी प्रत्येकाला सांगत होतो, की ही मालिकेतली बाई आहे. त्यावर एकजण गंभीर आवाजात म्हणाले, "मालिकेत काम करतात का त्या? मग पेपरला द्या."

चौथ्या फोनवर एक बाई होत्या. त्यांना सासूशीच बोलायचं होतं. मी नको नको म्हणत असताना सासूबाईंनी फोन घेतला. पलीकडून सुमारे दहा मिनिटं झाडाझडती झाली. आधी सुनेला घराबाहेर काढायचं आणि मग वाट बघत बसायचं, लाज कशी वाटत नाही, असं एकंदर स्वरूप होतं. सासूबाई मान डोलावत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगदी बराबर बोललीस बाई. मी सुदीक त्या टायमाला ह्येच म्हनलं हुतं." पलीकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंह आला. हा आमच्या मागच्या गल्लीत राहतो आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याने ठरवलेलं आहे. कोणत्या पक्षातून ते अजून ठरायचं आहे. तो माझा विद्यार्थी. त्याने माझा हात हातात घेतला.

"सर, तुमी काय काळजी करू नका. आपली माणसं कामाला लागल्यात."

"अरे पण ती खरी बाई नाहीच," मी म्हणालो.

"आसं म्हणू नका सर. झालं गेलं विसरून जायचं. घरात भांडणं व्हत्यातच."

मी त्याला परोपरीने समजावलं. तो समजूतदारपणे ऐकत राहिला, आणि जाताना क्रांतीला हळूच म्हणाला, की सरांना धक्का बसलेला दिसतोय. संध्याकाळी तीन चौकांत फ्लेक्स लागले. वर 'वसुधाताई, घरी या', मध्ये मी काढलेलं चित्र, आणि बाजूला त्या चित्राच्या चौपट आकाराचा, हात जोडलेला उदयसिंह. माझ्या हयातीत माझ्या एखाद्या चित्राचं जाहीर प्रदर्शन झालं ते एवढंच.

त्यानंतरच्या सकाळी क्रांती मंडईत वांगी निवडत असताना दोन बायकांनी तिचे दोन्ही दंड धरले. "वसुधाताई, चला घरी. सासू वाट बघतीया." क्रांती साठीची आहे, तिने पंजाबी ड्रेस घातला होता आणि तिच्या हातात पेटी नव्हती, पिशवी होती. पण चित्र चित्र असतं. ती नाही म्हणू लागली तशी गर्दी वाढली आणि सगळे तिची समजूत घालू लागले. तेवढ्यात उदयसिंह फोटोग्राफरला घेऊन पोचला.

ती घरी आली तेव्हा तिच्या अंगावर शाल होती आणि हातात नारळ. तिने नारळ टेबलावर ठेवला.

"सत्कार झाला," ती म्हणाली. "सापडल्याबद्दल."

मी काही म्हणणार होतो.

"अहो, अडतीस वर्षं तुम्ही पोरांना बाई काढायला शिकवलीत. एकच बाई शिकवलीत का?"

एखाद्या कलावंताला हा प्रश्न विचारू नये. दिवसभर मी गॅलरीत बसून होतो. जेवायला बोलावल्यावर दुसऱ्या हाकेला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार नाथाजी आले. आमच्या भागातल्या चौकीत ते बेपत्ता माणसांचं काम बघतात. शांत, पोट सुटलेला, कागदावर श्रद्धा असलेला माणूस. कुणीतरी फोन केल्यामुळे वसुधाची नोंद झाली होती आणि आता ती मिटवायची होती.

"सापडल्या न्हवं? मग सही करा, विषय संपला," ते म्हणाले.

क्रांती पुढे आली. त्यांनी तिचं आधार कार्ड पाहिलं, मग आपला कागद पाहिला.

"हरवल्यात त्या वसुधा. सापडल्यात त्या क्रांती. म्हंजी वसुधा अजून हरवलेल्याच हाईत, आन् ह्या एक जादा सापडल्या."

मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. नंतर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मास्तर, माझा तुमच्यावर विश्वास हाय. पण ह्यात तीनच रकाने हाईत. सापडली, मयत, तपास चालू. काल्पनिक असा रकाना न्हाई."

"मग चुकीची नोंद म्हणून खोडा."

"खोडता येतंय की. पण मग चुकीची माहिती कुणी पसरवली, ती दुसरी नोंद करावी लागंल. ती तुमच्या नावानं." त्यांनी चष्मा परत लावला. "त्यापरीस ती बाई कुठं गेली तेवढं सांगणारं कुणीतरी आणा. जबाब लिहितो, विषय संपवतो."

मी निवृत्त मुख्याध्यापकांच्या हस्ते गुणवंत शिक्षक म्हणून गौरवलेला माणूस आहे. अफवा पसरवणारा म्हणून माझं नाव चौकीत लिहिलं जाणार, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. सुभेदार येऊन म्हणाले, "मेसेज मात्र क्लिअर होता." मी त्यांना चहा विचारला नाही.

या दोन दिवसांत एका म्हाताऱ्या माणसाचा चारदा फोन आला होता. "त्या बाईला मी गाडीत घेतली हुती," एवढंच तो म्हणायचा आणि मी फोन ठेवायचो. तसं सांगणारी मला आणखी अकरा माणसं भेटली होती. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच दारात उभा राहिला. धोतर, पांढरी टोपी, खांद्याला पिशवी.

"मी आकाराम. कोयनानगरास्नं आलोय. एस्टीत डायव्हर हुतो, रिटायर झालो. सुनेनं फोनवर वाचून दावलं तवा कळलं."

"तुम्ही चित्र ओळखलंत?" मी विचारलं.

"चित्र न्हाई वळखलं. पेटी म्हनली तवा वळखलं."

मी त्यांना आत घेतलं आणि हवालदारांना फोन केला. सासूबाई आतून येऊन खुर्चीवर टेकल्या. हवालदार आले, त्यांनी कागद काढला आणि जबाब सुरू झाला.

आकाराम सांगू लागले. कोयनेच्या स्टँडात तीन दिवस शूटिंग होतं. त्यांची गाडी त्यासाठी घेतली होती आणि त्यांना सांगितलं होतं, की वर्दी घालून बसायचं, बाई चढली की गाडी हलवायची.

"म्हंजी चढली," सासूबाई म्हणाल्या.

"चढली. सतरा वेळा चढली."

हवालदारांनी पेन उचललं. "आन् उतरली किती वेळा?"

"उतरल्याबिगर परत चढणार कशी? येकदा ऊन गेलं, येकदा मागनं शेळी आली, येकदा माझीच टोपी वाकडी हुती. परत्येक टायमाला खाली."

"शेवटी कुठं होती, वर का खाली? मला शेवटचं लिहायचं हाय."

आकारामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सतराव्या टायमाला शूटिंगचं सायब म्हनलं, झालं. समदी सामान बांधाया लागली. बाई उतरलीच न्हाई. माझ्या मागच्या शीटवर बसून हुती. मला म्हनली, मामा, गाडी जरा फुडं नेता का. मी सायबाकडं बघितलं, त्यो म्हनला, न्या. मग म्या नेली फुडच्या हेळवाक गावापातुर. काय बोलली न्हाई. खिडकीतनं बघत बसली. तिकडं च्या पिली. मग आलो माघारी."

"टीव्हीवर काय दाखवलं?" मी विचारलं.

"ते कुठलं बघतोय. लाईट गेलती."

सासूबाई खुर्चीत पुढे वाकल्या. मग त्यांनी विचारलं, "पेटीत काय हुतं?"

"काय नव्हतं. उचलून म्याच दिली की वर. रिकामीच."

"रिकामी?"

"आक्षी रिकामी. जरा हलली की वाजायची."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. ऑपरेशनच्या डोळ्याला लावायचा नसतो, म्हणून क्रांतीने त्यांचा हात धरून खाली केला. "आय, चोळू नको," ती म्हणाली. एरवी ती आई म्हणते.

हवालदारांनी लिहिणं संपवलं आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवलं. "सदर महिला नामे वसुधा ही पत्र्याच्या पेटीसह एसटी बसमध्ये स्वखुशीने बसून हेळवाक दिशेने निघून गेली. तेथे तिने चहा घेतला. परत आणली गेली ते कामाचा भाग म्हणून, सबब त्याची येथे नोंद घेतलेली नाही. सदर महिला सुखरूप असून तिची कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही." ते माझ्याकडे वळले. "सही करा मास्तर, विषय संपला."

मी पेन घेतलं. माझी अब्रू वाचली होती. सही करायला मी वाकणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा जावयबापू. ते शेवटचं खोडा."

"काय खोडू, आजी?" हवालदारांनी विचारलं.

"तक्रार न्हाई म्हणून लिवलंय ते. तक्रार न्हाई तर बाई घर सोडून गेली कशाला? रिकामी पेटी घिऊन?"

"आवं, ते तसं लिहायची पद्धत हाय."

"आसंल पद्धत. तिची तक्रार हाय. छत्तीस वर्सं झाली, कुणी लिवून घितली न्हाई."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्रांतीकडे पाहिलं. क्रांती आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि तिचा चेहरा बघून मी पेन खाली ठेवलं. हवालदारांनी उसासा टाकून शेवटची ओळ खोडली, कोरा कागद घेतला आणि वर तारीख घातली.

"बरं. तक्रार कुणाविरुद्ध?"

"पैल्यांदा नवरा," सासूबाई म्हणाल्या.

"नवऱ्यानं काय केलं?"

"काय केलं न्हाई. तीच तर तक्रार हाय. लिवा."

त्यांनी पहिल्या भागापासून सुरुवात केली. लग्नात मानपानावरून सासू कशी रुसली, दिराने पहिल्याच दिवाळीला वसुधाची बोरमाळ कशी मोडली, विहिरीवर काय झालं. हवालदार आधी त्रोटक लिहीत होते. दुसऱ्या पानावर ते पूर्ण वाक्यं लिहू लागले. तिसऱ्या पानावर लिहायचे थांबले आणि हनुवटीखाली हात घेऊन ऐकू लागले, मग लक्षात आल्यावर पुन्हा लिहू लागले. आकाराम मान हलवत होते. त्यांनी मालिका पाहिलेलीच नव्हती, त्यांना फक्त शेवटची गाडी माहीत होती. क्रांतीने सगळ्यांना चहा केला आणि सुभेदारांनाही बोलावलं.

पाच वाजता चौकीतून हवालदारांना फोन आला. त्यांनी फोन कानाला लावला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, इथं एक छळाचं प्रकरण निघालंय. मोठं हाय. मला तासभर लागंल."

फोन खिशात ठेवून ते पुढे सरकले.

"हां आजी. मग माळ्यावरची शिडी काढली कुणी? दिरानं का सासूनं?"